मेट्रो ३ मध्ये फोनची रेंज जाते, मग गाडीला आपण कुठे आहोत हे कसं कळतं?

गेल्या महिन्यात आई पहिल्यांदाच एकटी विमानाने बंगळूरला गेली, ताईकडे. तिला मुंबई विमानतळाच्या टी-२ वर सोडायची जबाबदारी माझी. डोंबिवलीहून टॅक्सी करायची तर पैशांचं एक वेळ सोडा, ट्रॅफिकचा भरवसा कोण देणार? म्हणून लोकलने दादर आणि तिथून मेट्रो ३ असं ठरवलं. मेट्रोची दोन तिकिटं मी घरूनच ॲपवर काढली होती. आईचा बोर्डिंग पास मात्र माझ्या ईमेलमध्येच पडून होता. "मेट्रोत बसलो की तुझ्या व्हॉट्सॲपवर टाकतो," म्हणालो आणि बॅग उचलली.

दादरला सरकत्या जिन्याने खाली गेलो आणि फलाटावर पोचेपर्यंत रेंज गेली. ईमेल उघडला तर नुसतं गोल चक्र फिरतंय. चूक सर्वस्वी माझी. ऑफिसमध्ये "नेट नसेल तेव्हा ॲपचं काय होईल?" हा प्रश्न मीटिंगमध्ये मीच विचारतो, आणि घरून निघताना तोच विसरलो. आई दर दोन मिनिटांनी, "मिळेल ना रे तो पास?" मी, "मिळेल गं." धारावी सोडून गाडी मिठी नदीच्या खालून बीकेसीकडे निघाली तेव्हा तिने माझ्या फोनमध्ये डोकावून पाहिलं. मॅपवरचा निळा ठिपका अजून दादरलाच उभा होता. ती म्हणाली, "तुझ्या फोनला कळत नाही आपण कुठे आहोत. मग या गाडीला कसं कळतंय?"

प्रश्न भारी होता. तेव्हा मी जेमतेम उत्तर दिलं. नीट उत्तर इथे देतो.

आधी लाइनबद्दल थोडं. मेट्रो ३, म्हणजे ॲक्वा लाइन, आरे जेव्हीएलआर ते कफ परेड अशी ३३.५ किलोमीटरची आहे. २७ स्टेशनं, त्यातली २६ जमिनीखाली. आरे ते बीकेसी हा भाग ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंतचा मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा ऑक्टोबर २०२५ मध्ये. विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स, बीकेसी, दादर, सीएसएमटी, चर्चगेट हे सगळं एका गाडीत आलं. त्याआधी विमानतळावरून फोर्टात जायचं तर टॅक्सी, नाहीतर अंधेरी गाठून लोकल.

फोन आंधळा का होतो?

मोबाइलचा टॉवर असतो वर, रस्त्यावर किंवा इमारतीच्या गच्चीवर. त्याच्या रेडिओ लहरी हवेतून लांब जातात, पण ओली माती, खडक आणि लोखंडी सळ्यांचं काँक्रीट त्यांना गिळून टाकतं. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये कॉल तुटतो तो याच कारणाने. जीपीएसची अवस्था तर आणखी नाजूक. ते उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर असतात, आणि फोनपर्यंत येणारा त्यांचा सिग्नल मुळातच इतका क्षीण असतो की भुयारात तो येण्याचा प्रश्नच नाही. मग निळा ठिपका शेवटच्या माहीत असलेल्या जागी बसून राहतो. मधेच एखाद्या स्टेशनवर तो टुणकन उडी मारून बरोबर जागी येतो, ते बहुतेक वेळा आसपासच्या वायफाय राउटरमुळे. कुठला राउटर कुठे आहे याची यादी मॅप कंपन्यांकडे असते.

रेंज नसताना फोन गप्प बसत नाही, सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी खातो. विमानतळावर जाताना बॅटरी पंधरा टक्क्यांवर असेल तर सरळ एअरप्लेन मोड लावा. विमानात बसायच्या आधीच.

भुयारात रेंज आणता येत नाही असं मात्र नाही. स्टेशनमध्ये छताला ठिकठिकाणी छोटे अँटेना लावतात. बोगद्यात वेगळीच युक्ती असते. शेतातलं ठिबक सिंचन पाहिलंय ना? पाइप लांबच लांब, त्याला जागोजागी भोकं, आणि प्रत्येक रोपाशी थेंब थेंब पाणी. बोगद्यातली केबल अगदी तशीच असते. तिच्या बाहेरच्या धातूच्या आवरणाला मुद्दाम खाचा ठेवलेल्या असतात. त्यांतून रेडिओ सिग्नल थोडा थोडा बाहेर झिरपतो आणि शेजारून जाणाऱ्या गाडीतल्या फोनना मिळतो. इंग्रजीत तिला लीकी केबल म्हणतात, म्हणजे चक्क गळकी केबल.

मग अडतं कुठे? बोगद्यात जागा कमी. प्रत्येक मोबाइल कंपनीने आपापली केबल आणि आपापली यंत्रं बसवायची म्हटलं तर भिंतीवर जागा पुरणार नाही. त्यापेक्षा एकाने सगळी यंत्रणा उभारायची आणि बाकीच्यांनी भाडं देऊन वापरायची हा सोपा मार्ग. पण तो एक कोण आणि भाडं किती, यावर भांडण होतं. मेट्रो ३ च्या बाबतीत मोबाइल कंपन्या आणि मेट्रो प्रशासन यांच्यातला हा वाद २०२५ मध्ये बातम्यांमध्ये गाजला. कंपन्यांना स्वतः यंत्रणा बसवायची होती, प्रशासनाला ती तिसऱ्या कंपनीमार्फत हवी होती. माझं मत विचाराल तर, सामायिक यंत्रणा हीच शहाणपणाची. पण भाड्याचं गणित गाडी सुरू व्हायच्या आधी सुटायला हवं होतं. आपण प्रवासी मधल्या मधे लटकलो.

पण गेट कसं उघडलं?

आईच्या हे लक्षात आलं नाही, पण मला आलं. रेंज नसतानाही टी-२ ला बाहेर पडताना क्यूआर दाखवला आणि गेट लगेच उघडलं. अशा तिकिटाच्या क्यूआरमध्ये साधारणपणे तिकिटाचाच मजकूर असतो: कुठून, कुठे, कधीपर्यंत. त्याखाली तिकीट देणाऱ्याची डिजिटल सही असते. ही सही बनवायला लागणारी गुप्त किल्ली फक्त तिकीट देणाऱ्याकडे, आणि ती तपासायची किल्ली गेटकडे. तुम्ही क्यूआरमधलं एक अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही. एकच तिकीट दोघांनी वापरलं तर? गेट स्टेशनच्या सर्व्हरला वायरने जोडलेलं असतं, त्याला ते कळतं. या सगळ्यात तुमच्या फोनचं काम एकच: चित्र दाखवणं. म्हणून तिकीट आधी काढलेलं असेल तर रेंज लागत नाही. खाली उतरून यूपीआयने काढायचं म्हटलं तर लागते. काही ॲप्समध्ये क्यूआर दर थोड्या वेळाने बदलतो, तिथे स्क्रीनशॉट चालत नाही, ॲपच उघडावं लागतं.

विमानाच्या बोर्डिंग पासचंही तसंच. त्यावरच्या बारकोडमध्ये तुमचं नाव, पीएनआर, फ्लाइट नंबर, सीट असं सगळं असतं, आणि तेही कुलूप न लावता. त्यामुळे स्क्रीनशॉट मजेत चालतो. पण त्याच कारणाने विमानतळावरून बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टावर टाकू नका. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर बऱ्याच एअरलाइन्सच्या साइटवर तुमचं बुकिंग उघडता येतं. 'गोवा कॉलिंग' लिहून पास मिरवणारे निदान तीन मित्र माझ्या यादीत आहेत.

आता आईचा प्रश्न

गाडी जीपीएस वापरतच नाही. ती चाकाच्या फेऱ्या मोजते. समजा चाकाचा घेर २.७ मीटर आहे. हजार फेऱ्या झाल्या की गाडी २.७ किलोमीटर पुढे गेली. सोपं आहे, पण चाक झिजतं. घेर नकळत २.६८ मीटर झाला तर तेवढ्याच हजार फेऱ्यांत २० मीटरचा घोळ. ब्रेक लागताना चाक किंचित घसरतं, त्याची चूक वेगळी. मेट्रो ३ च्या फलाटांवर काचेचे दरवाजे आहेत आणि गाडीचा दरवाजा बरोबर त्यांच्यासमोरच यायला हवा. तिथे २० मीटर सोडा, हातभर चूकही चालत नाही.

म्हणून रुळांच्या मधे ठरावीक अंतरावर चपट्या पेट्या बसवलेल्या असतात. त्यांना बलीस म्हणतात. त्यात बॅटरी नसते. गाडी वरून जाताना तिच्या पोटाखालचा अँटेना त्या पेटीला क्षणभर वीज देतो, पेटी जागी होते आणि आपला नंबर सांगते. कुठल्या नंबरची पेटी नेमकी कुठे आहे हे गाडीच्या संगणकाला पाठ असतं. म्हणजे चाकं मोजत यायचं आणि प्रत्येक पेटीपाशी चूक दुरुस्त करून घ्यायची. मेट्रोच्या गेटवर तुम्ही एनसीएमसी कार्ड टेकवता तेव्हाही हेच घडतं. कार्डात बॅटरी नसते, गेटचा रीडरच त्याला वीज देतो. शिल्लक रक्कमही कार्डातल्या चिपमध्येच असते, त्यामुळे ना रेंज लागते ना फोनचं चार्जिंग.

गाडीला स्वतःची जागा कळली, पण पुढच्या गाडीची? त्यासाठी रेडिओ आहे, आणि तो आपल्या मोबाइल नेटवर्कपेक्षा पूर्ण वेगळा, फक्त मेट्रोचा. प्रत्येक गाडी आपली जागा आणि वेग सतत कळवत असते. नियंत्रण यंत्रणा तिला सांगते, "इथपर्यंत जायची परवानगी आहे." ही हद्द पुढच्या गाडीबरोबर पुढे सरकत राहते. या पद्धतीला सीबीटीसी म्हणतात, म्हणजे कम्युनिकेशन बेस्ड ट्रेन कंट्रोल. लोकलमध्ये रूळ सिग्नलच्या ठरावीक तुकड्यांत वाटलेले असतात. तुकड्यात गाडी असली की मागचीला लाल, मग पुढची गाडी त्या तुकड्याच्या सुरुवातीला असो की शेवटाला. मेट्रोत तुकडाच गाडीबरोबर सरकतो, म्हणून गाड्या जवळजवळ सोडता येतात.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं. रेडिओ तुटला तर गाडी काय करते? परवानगीचा नवा निरोप ठरलेल्या वेळात आला नाही तर ती ब्रेक लावते. तिथे शांतता याचा अर्थ 'थांब'. आपली ॲप्स मात्र चक्र फिरवत बसतात.

तर त्या दिवशी काय झालं

टी-२ ला वर आलो, उजेड दिसला आणि फोन एकदम खणखणायला लागला. ईमेल उघडला, पास आईला पाठवला, टर्मिनलच्या दारावर सीआयएसएफच्या जवानाने तो आणि आधार कार्ड पाहिलं, आई आत गेली. हातात वेळ होता म्हणून निभावलं.

तुम्ही जाणार असाल तर बोर्डिंग पास घरीच उतरवून घ्या, आणि ज्याचा आहे त्याच्याच फोनमध्ये. डिजियात्रा वापरत असाल तर पास ॲपमध्ये टाकून विमानतळाला शेअर करायचं कामही घरीच उरका, त्याला नेट लागतं. पासवर टर्मिनल वाचा. टी-१ आणि टी-२ ही वेगळी स्टेशनं आहेत आणि त्यांच्या मधे सहार रोड येतं. आणखी एक, मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास बंद होते ती पहाटेच सुरू होते. मध्यरात्रीनंतरच्या आंतरराष्ट्रीय विमानांसाठी तिचा उपयोग येताना-जाताना फारसा नाही. विमानतळाची लाइन म्हणवून घ्यायचं तर हे मला खटकतं.

परतीच्या आदल्या रात्री आईचा व्हॉट्सॲप आला. बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट, आणि खाली: "तुझ्याकडेही ठेव. माझा फोन बंद पडला तर."