शापोराकाठचा श्रोता

गेल्या माघात गोव्याच्या पेडणे तालुक्यातील चोपडे गावी, एका विद्यार्थिनीच्या आजोळी, चार दिवस राहण्याचा योग आला. शापोरा नदीच्या उत्तर तीरावर हे गाव, पलीकडे शिवोली. पूर्वी फेरीबोटीची वाट पाहत बसावे लागे, आता पूल झाला आहे. मोरजीपासून हरमलपर्यंतचा सारा किनारा थंडीत परदेशी पाहुण्यांनी भरून जातो.

यजमानांच्या माडीवर असाच एक इंग्रज गृहस्थ भाड्याने राहत होता. वय पासष्टीचे, डोक्याचे केस गेलेले, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली; आयुष्य मालमोटार चालवण्यात गेलेले. सकाळी मी तंबोरा घेऊन बसलो की तो जिन्यावर येऊन निमूटपणे ऐके. “मास्तर, हो म्हातारो दर वर्सा येता. गाण्याचो पिसो!” यजमानीणबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी मी त्याला विचारले, आपल्याला कोणते संगीत आवडते? तो म्हणाला, “पंक.”

हे नाव वाचून आमच्या पेठेतील जाणती मंडळी कपाळाला आठ्या घालतील. माझ्याही कपाळाला पडल्या. १९७६-७७ च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये फोफावलेला हा प्रकार. तिकडचे रमोन्स, इकडचे सेक्स पिस्टल्स आणि क्लॅश ही त्यातली ठळक नावे. दोन-तीन मिनिटांचे गाणे, गिटारी आणि ड्रम, मोजके स्वरमेळ, अतिद्रुत लय आणि गाण्यापेक्षा ओरडणेच अधिक. इंग्लंडात तेव्हा तरुणांत बेकारी होती. नामांकित वादकांची लांबलचक गाणी त्यांना परकी वाटत. वाजवता येत नसेल तरी वाजवा, हा त्यांचा बाणा. एकेका स्वरासाठी वर्षे घालवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे पचणे कठीणच.

परंतु ती पोरे आता साठी ओलांडून गेली आहेत, आणि ऐकणे त्यांनी सोडलेले नाही. ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी ऑगस्टात गुरुवारपासून रविवारपर्यंत पंकचा मोठा उत्सव भरतो. ‘रिबेलियन’ हे त्याचे आजचे नाव, आरंभ १९९६ चा. आमचे पाहुणे जुन्या सोबत्यांसह तेथे जातात. कानांत बोळे, खिशात रक्तदाबाच्या गोळ्या. दुपारपासून रात्रीपर्यंत या दालनातून त्या दालनात. एरवीही गावात कोणी वाजवणार असेल तर तिकीट काढलेलेच.

मी म्हणालो, “तबकड्या घरी आहेत. मग या वयात एवढी दगदग कशाला?”

तो म्हणाला, “तबकडी मला ऐकू येते, पण मी तबकडीला ऐकू जात नाही.”

मला वडिलांची आठवण झाली. कोल्हापूर दरबारच्या गवयांतील ते अगदी शेवटचे. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ऐन विशीत होते. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. ते म्हणत, “पगार गेल्याचे इतके वाटले नाही, समोरची माणसे पांगली त्याचे वाटले.” तंबोरे जुळेपर्यंत ते समोर कोण आले आहे हे न्याहाळीत, आणि मग राग ठरवीत.

पाहुण्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांवरील सोनेरी तबकडीत याच गोमंतकातील केरीच्या केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. केसरबाई म्हणजे आमच्या दरबारच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. दुसरे यान सुटल्यावर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, त्या निवर्तल्या. त्याच तबकडीत चक बेरीचे रॉक अँड रोलही आहे, आणि पंक हे त्याच वंशातले. म्हातारा खूप हसला. म्हणाला, “शेजार चांगला आहे. पण तिथे दाद द्यायला कोण?”

हा प्रश्न मला घरापर्यंत पुरला. कारण गतवर्षी आमच्या वर्गाच्या बैठकीला एका तरुण गायिकेला बोलावले होते. वृद्ध रसिकांना जिने चढावे लागू नयेत म्हणून ते गाणे घरोघरी मोबाइलवर दिसेल अशी सोय मी हौसेने केली. सोय उत्तम झाली, आणि दिवाणखान्यात अकरा माणसे उरली. मुलगी जीव तोडून गायली. एका अवघड जागेवरून समेवर आली तेव्हा नकळत तिने मान वर केली, आणि समोर रिकामी सतरंजी होती. नंतर अनेक वडीलधाऱ्यांनी ‘फार छान झाले’ असे कळवले. मी ते निरोप तिला दाखवले. ती हसली, पण त्या हसण्यात काही नव्हते.

ही चूक रसिकांची नव्हे, माझी. यंदा बैठक तळमजल्यावर आहे. पाठीच्या खुर्च्या सांगितल्या आहेत, साडेनऊच्या आत भैरवी होईल, आणि ज्यांना रिक्षा मिळत नाही त्यांच्यासाठी माझे विद्यार्थी गाडी घेऊन दारी येतील. मोबाइलवर काहीही दिसणार नाही. ज्यांना अंथरूण सोडवत नाही त्यांच्या घरी मी स्वतः तंबोरा घेऊन जाईन. बाकीच्यांनी मात्र यावे. गुडघ्याची सबब कोणी सांगू नये. चोपड्याचा तो म्हातारा माझ्या डोळ्यांपुढे आहे.