गळ्यातली ग्रंथी आणि चिमूटभर मीठ

गळ्यावर बोट ठेवा आणि आवंढा गिळा. जो टणक भाग वर सरकतो, ते स्वरयंत्र. त्याच्या किंचित खाली, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची अवटु ग्रंथी असते. वजन जेमतेम १५ ते २५ ग्रॅम. पण शरीरातले इंधन किती वेगाने जळावे, हे तीच ठरवते. तिचे मुख्य संप्रेरक थायरॉक्सिन. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात. म्हणजे आयोडीन नाही, तर थायरॉक्सिनही नाही!

आयोडीनचे मोठे कोठार म्हणजे समुद्र. गोंदिया जिल्हा तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. पावसाने आणि पुराने जमिनीतले आयोडीन धुपून जाते. मग धान्यातही ते कमीच उतरते. ताटात मुख्यतः भात. मासळी असली तरी नवेगावबांधसारख्या गोड्या पाण्याच्या तलावातली. तिच्यात समुद्री मासळीच्या मानाने आयोडीन थोडेच.

आयोडीन अपुरे पडले की रक्तातले थायरॉक्सिन घटते. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी हे ओळखते आणि ‘काम वाढव’ असा रासायनिक निरोप धाडते. या निरोपाचे नाव टीएसएच. पण कच्चा मालच नाही! बिचारी अवटु ग्रंथी नुसतीच फुगत जाते. हाच गलगंड. न दिसणारे नुकसान याहून मोठे. गर्भवतीला आयोडीन फार कमी मिळाले, तर बाळाच्या मेंदूची वाढ कायमची खुंटू शकते.

प्रौढ माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. ७० वर्षांचा हिशेब करून पाहा: ४ ग्रॅमही भरत नाही! पण ते थोडे थोडे, नियमित मिळायला हवे. म्हणून मीठ निवडले गेले. ते प्रत्येक घरात रोज लागते. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून आजच्या हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवले. १९६२ मध्ये देशभरचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

मात्र अवटु ग्रंथीचा प्रत्येक विकार मिठाने बरा होत नाही. कधी शरीराची संरक्षक यंत्रणाच या ग्रंथीवर उलटते. संप्रेरक कमी पडले तर थकवा येतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते. जास्त झाले तर छाती धडधडते, हात कापतात, वजन घटते. अशा वेळी डॉक्टरांना दाखवून रक्ताची तपासणी करावी, आणि सुरू झालेली गोळी मनाने बंद करू नये.

आज घरी जाऊन मिठाची पिशवी वाचा. त्यावर आयोडीनचा उल्लेख आहे का? आणि मिठाचा डबा झाकलेला, चुलीच्या वाफेपासून दूर आहे ना?