ऐकत नाही की ऐकू येत नाही?

रेणापूर हे लातूर जिल्ह्यातील रेणा नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. तेथील रेणुकादेवीचे मंदिर प्रसिद्ध आहे. नवरात्रात आरतीचा गजर सुरू झाला, की तो सर्वांच्या कानी सारखाच पडतो, अशी आपली समजूत असते. परंतु ज्या मुलाला जन्मापासून कमी ऐकू येते, त्याला आपल्यात काही उणीव आहे, हे ठाऊकच नसते. आपल्याला येते तेवढेच इतरांनाही ऐकू येत असावे, असे त्याला वाटते. म्हणून ही उणीव बहुधा घरच्या माणसांनी, शिक्षकांनी किंवा सोबत्यांनीच ओळखावी लागते.

तिची काही लक्षणे आहेत. असे मूल मागून हाक मारल्यास ओ देत नाही. बोलणाऱ्याच्या ओठांकडे ते टक लावून पाहते, वारंवार ‘काय?’ असे विचारते, किंवा एकच कान पुढे करते. श्रुतलेखनात ते ‘पान’ऐवजी ‘कान’ लिहिते. गोंगाटात त्याचा अधिकच गोंधळ उडतो. तान्हे मूल जवळ भांडे आदळले तरी दचकत नसेल, किंवा वर्ष-सव्वा वर्षाचे होऊनही एखादा शब्द बोलत नसेल, तर त्याचे कान अवश्य तपासून घ्यावेत. कारण भाषा ऐकूनच मूल बोलू लागते. निदानास उशीर झाला, तर त्याची भाषाही मागे पडते.

कारणे अनेक असतात. कधी कानात मळ साचतो, तर कधी सर्दीमुळे पडद्यामागे पाणी साठते. हे दोष उपचाराने बरे होतात. कानाच्या आतील शंखाकृती भागात मात्र केसांसारखे तंतू असलेल्या सूक्ष्म पेशी असतात. फार मोठ्या आवाजाने त्या एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा उत्पन्न होत नाहीत. म्हणून ध्वनिक्षेपकाजवळ उभे राहू नये. कानात तेल किंवा काडीही घालू नये.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतील मुलांची आरोग्यतपासणी होते. तीत ऐकण्याचे दोषही पाहिले जातात. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच क्षेत्रात कार्य करते. श्रवणयंत्र, वाचाशिक्षण आणि खुणांची भाषा यांच्या साहाय्याने अशी मुले उत्तम शिकू शकतात.

वर्गातील एखादा सोबती हाकेला ओ देत नसेल, तर त्याला हट्टी किंवा मंद म्हणण्यापूर्वी त्याच्या समोर जाऊन, त्याला आपला चेहरा दिसेल असे सावकाश बोलावे. आणि ही गोष्ट गुरुजींच्या किंवा बाईंच्या कानावर घालावी.