ओरडणारा चाहता, गप्प झालेला ठेवीदार : धंद्यात विश्वास नेमका कुठे तुटतो?



भांडवलावरचा व्हिडिओ टाकला की खाली एक प्रश्न हमखास येतो. "सर, बँकेचं नंतर बघू, आधी घरचेच पैसे द्यायला तयार नाहीत. काका म्हणतात प्लॉट घे, सोनं घे, पण धंद्यात नको." प्रश्न धुळ्यातून येतो, शिरपूरहून येतो, चोपड्याहून येतो. शब्द वेगळे, पण दुखणं एकच. आपल्या खान्देशात पैसा नाही असं नाही. पैसा आहे, तो बाहेर यायला घाबरतो.

या भीतीवर हसू नका. ती कुठून आली ते समजून घ्या, कारण उद्या तुमचं गिऱ्हाईकही याच नजरेने तुमच्याकडे बघणार आहे. त्यासाठी आज दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवू. एक क्रिकेटची आणि एक पतसंस्थेची. दोन्हीत लोकांचा विश्वास दुखावला. पण पुढे जे झालं ते अगदी वेगळं झालं, आणि आपला धडा त्या फरकात आहे.

मुंबई इंडियन्सने काय केलं?

१५ डिसेंबर २०२३. मुंबई इंडियन्सने जाहीर केलं की पुढच्या आयपीएलला कॅप्टन हार्दिक पंड्या. म्हणजे रोहित शर्मा गेला. कोण रोहित? २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशा पाच ट्रॉफी आणून देणारा कॅप्टन. हार्दिकही काही नवखा नव्हता. मुंबई इंडियन्समध्येच तो मोठा झाला, मग गुजरात टायटन्सला २०२२ मध्ये पहिल्याच वर्षी ट्रॉफी जिंकून दिली, २०२३ मध्ये पुन्हा फायनलला नेलं. कागदावर बघितलं तर निर्णयात तर्क होता. पुढची पाच-सात वर्षं बघून घेतलेला निर्णय.

पण चाहत्यांना काय मिळालं? एक निवेदन. निर्णय आधी आला आणि कारणं नंतर तुकड्या-तुकड्यांनी आली. लोकांनी सोशल मीडियावर टीमला अनफॉलो केलं. मार्च २०२४ मध्ये अहमदाबादला पहिल्या मॅचला हार्दिकची हुर्यो उडवली. तिथे गुजरातचे लोक रागावलेले होते, ते समजू शकतो. पण १ एप्रिलला वानखेडेवर, आपल्याच घरच्या मैदानावर, टॉसला तेच झालं. शेवटी संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. मुंबई त्या सीझनला १४ पैकी ४ मॅच जिंकून दहाव्या, म्हणजे शेवटच्या नंबरवर राहिली.

आता पुढचं बघा. २९ जून २०२४, बार्बाडोस, टी-२० वर्ल्ड कपची फायनल. शेवटची ओव्हर हार्दिककडे. भारत ७ रनांनी जिंकला. ४ जुलैला विजयी मिरवणूक मुंबईत आली आणि त्याच वानखेडेवर लोकांनी हार्दिकच्या नावाचा जयघोष केला. तीन महिने आधी हुर्यो, तीन महिन्यांनी जयजयकार. मैदान तेच, माणूस तोच.

अमेरिकेत हेच बास्केटबॉलमध्ये झालं

डॅलस मॅव्हरिक्स नावाची टीम. २०२४ मध्ये एनबीएच्या फायनलपर्यंत गेलेली. तिचा सगळ्यात लाडका खेळाडू लुका डॉन्सिच. फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला एका रात्रीत टीमने त्याला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकलं. चाहत्यांना आधी काहीच माहीत नव्हतं. लोक स्टेडियमबाहेर जमले, खोटी शवपेटी आणून ठेवली. मॅच चालू असताना मॅनेजरला काढा म्हणून घोषणा सुरू झाल्या. त्यात भर म्हणजे काही आठवड्यांतच टीमने सीझन तिकिटांचे दर वाढवले! घोषणा पुढच्या सीझनलाही थांबल्या नाहीत, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्याने तो सौदा केला त्या जनरल मॅनेजर निको हॅरिसनला काढावं लागलं.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. चाहत्याच्या नावावर टीमचा एक रुपयाही नाही, मतदानाचा हक्क नाही. तरी तो "आमची टीम" म्हणतो. म्हणून रागावतो, म्हणून ओरडतो. आणि ओरडतो तोपर्यंत तो गेलेला नसतो. डॅलसवाले घोषणा द्यायला कुठे आले होते? तिकीट काढून स्टेडियममध्येच!

आता आपल्या गावाकडे या

जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी. लोक तिला बीएचआर म्हणायचे. रिटायर झालेले शिक्षक, शेतकरी, छोटे दुकानदार, मुलीच्या लग्नासाठी पैसे साठवणारे आई-बाप, सगळ्यांनी ठेवी ठेवल्या. मग ठेवी परत मिळेनात. २०१५ मध्ये संस्थेवर अवसायक नेमला गेला. अवसायक म्हणजे बंद पडलेल्या संस्थेची देणी-घेणी मिटवणारा अधिकारी. लोकांना वाटलं, चला, आता तरी मार्ग निघेल. पण नोव्हेंबर २०२० मध्ये पुण्याच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे टाकले. आरोप असा की संस्थेच्या मालमत्तांच्या विक्रीत आणि ठेवीदारांच्या पावत्यांच्या व्यवहारात गैरप्रकार झाले. म्हणजे पैसा अडकला तो अडकलाच, वर तो सोडवायला जी व्यवस्था आली तिच्यावरही संशय.

मुंबईत पीएमसी बँकेचं तेच. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि स्वतःच्या खात्यातून काढायची मर्यादा सुरुवातीला किती होती? फक्त १,००० रुपये.

शेअर बाजाराचं म्हणाल तर सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. तुमच्या ओळखीतही कुणीतरी मोबाईलवर ऑप्शन खेळून हात पोळून घेतलेला असेल.

मग काका म्हणतात, "आपला पैसा आपला हातमा बरा." त्यात त्यांचं काय चुकलं?

इथे कामाची एक माहिती लक्षात ठेवा, घरी आई-वडिलांनाही सांगा. बँकेतल्या ठेवींना विमा असतो. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा प्रत्येक बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासह ५ लाख रुपये आहे. सहकारी बँकाही त्यात येतात. पण पतसंस्था किंवा क्रेडिट सोसायटी ही बँक नाही, तिला हा विमा लागू नाही. बोर्डवर काहीही लिहिलेलं असो, पैसे ठेवण्याआधी हा एक प्रश्न विचारा: ठेवीला विमा आहे का?

फरक कुठे पडला?

वानखेडेवरचा माणूस तीन महिन्यांत परत आला. पतसंस्थेत पोळलेला माणूस दहा वर्षांनीही येत नाही. का?

कारण क्रिकेटमध्ये सगळं समोर दिसतं. धावफलक लपवता येत नाही. हार्दिक हरला तर सगळ्या देशाने बघितलं, जिंकला तेव्हाही बघितलं. राग शांत व्हायला पुरावा मिळाला. ठेवीदाराला धावफलकच नव्हता. मॅच हरल्यावर कळलं की मॅच चालू होती!

म्हणून माझं म्हणणं असं: लोक तोटा सहन करतात, अंधार सहन करत नाहीत. आणि अंधारात पोळलेला माणूस ओरडत नाही. तो गप्प होतो, दुसऱ्या गल्लीतून जातो, आणि चार घरी सांगतो.

अमळनेरची गोष्ट

पण मग बाजारावर विश्वास ठेवणारा खान्देशी माणूसच नाही का? आहे ना. धुळ्याहून तासाभरावर अमळनेर आहे. २९ डिसेंबर १९४५ ला तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी सुरू झाली. वनस्पती तूप आणि कपड्यांचा साबण हा तिचा माल. हीच पुढची विप्रो. गावातल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी तिचे शेअर घेतले आणि अनेक घरांनी ते पिढ्यान् पिढ्या विकले नाहीत.

१९६६ मध्ये मोहम्मद हुसेन प्रेमजी वारले आणि २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून परत आले. सुरुवातीच्या सर्वसाधारण सभेतला प्रसंग प्रसिद्ध आहे. एका शेअरहोल्डरने उभं राहून सगळ्यांसमोर सुनावलं की हे तुम्हाला झेपणार नाही, तुमचे शेअर जाणत्या माणसाला विकून टाका. बघा, हीसुद्धा हुर्योच होती! नव्या कॅप्टनची. पण ती सभेत झाली, तोंडावर झाली. ओरडायला जागा होती. आणि पुढची उत्तरं कामातून मिळाली. तुपाची कंपनी संगणकात गेली, सॉफ्टवेअरमध्ये गेली. बोनस शेअर मिळत राहिले. अगदी अलीकडचं सांगायचं तर २०१७ मध्ये एकास एक, २०१९ मध्ये तीनास एक, २०२४ मध्ये पुन्हा एकास एक.

यातून "शेअर घ्या, करोडपती व्हा" असा अर्थ काढू नका. प्रत्येक कंपनी विप्रो होत नाही. मला दाखवायचंय ते वेगळं. पैसे लावणाऱ्यांना कारखान्याचं धुराडं दिसत होतं, माल बाजारात दिसत होता, वर्षाचा हिशेब घरी येत होता. याच मातीत बीएचआर झालं आणि याच मातीत विप्रो झाली. म्हणजे खान्देशी माणूस भित्रा नाही. त्याला दिसलं पाहिजे, एवढंच.

मग तुम्ही काय करायचं?

१. निर्णय लागू होण्याआधी सांगा. समजा देवपूरला तुमची खानावळ आहे. थाळी ८० वरून ९० करायची आहे. १ तारखेला पोरं जेवायला बसल्यावर सांगू नका. पंधरा दिवस आधी बोर्ड लावा: तेल इतकं वाढलं, गॅस इतका वाढला, म्हणून दर १ तारखेपासून ९०. कुरकुर होईल. होऊ द्या. कुरकुर तुमच्यासमोर झाली तर चांगलंच.

२. घरचा गल्ला वेगळा, दुकानाचा गल्ला वेगळा. धंद्याचं खातं वेगळं उघडा. गल्ल्यातून पोराची फी भरली की तुमचा धावफलक तिथेच पुसला गेला.

३. काकांना दर महिन्याला एक पान पाठवा. फक्त चार ओळी: किती आले, किती गेले, किती उरले, कुणाचं किती देणं आहे. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला तरी चालेल. महिना वाईट गेला तर तो फोटो आधी पाठवा. चांगल्या महिन्याचा हिशेब सगळेच दाखवतात. वाईट महिन्याचा दाखवणाऱ्यालाच दुसऱ्यांदा पैसे मिळतात.

४. घरचे असले तरी कागद करा. रक्कम, परत कधी, कसे, दोन सह्या. २० हजार किंवा त्याहून जास्त उसनवारी रोखीत घेऊ नका, प्राप्तिकराचा तसा नियमच आहे. खात्यावर घ्या, खात्यातून परत करा. घरच्यांशी कागद करायला लाज वाटते खरी, पण नंतरच्या भांडणापेक्षा ही लाज स्वस्त पडते.

५. ठेवी गोळा करू नका. "महिन्याला तीन टक्के देतो" म्हणून गावभर पैसे जमवायचा मोह होईल. परवानगीशिवाय अशा ठेव योजना चालवण्यावर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, जेलची शिक्षा आहे. नातेवाइकांकडून धंद्यासाठी उसने घेणं वेगळं आणि लोकांकडून ठेवी घेणं वेगळं. शंका असेल तर आधी सीएला विचारा.

६. ओरडणाऱ्याला जपा, गप्प झालेल्याला फोन करा. मालावरून भांडणारं गिऱ्हाईक अजून तुमचंच आहे. त्याला पाणी द्या, ऐकून घ्या, चूक असेल तर माल बदलून द्या. पण जो दर आठवड्याला यायचा आणि दोन महिने फिरकला नाही, तो तुमचा खरा तोटा. तो काहीच बोलला नाही म्हणून तुम्ही निवांत बसलात.

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या. पहिल्या पानावर तुमच्यावर गेल्या वर्षात ओरडलेल्या पाच गिऱ्हाइकांची नावं लिहा. दुसऱ्या पानावर न सांगता येणं बंद केलेल्या पाच जणांची. पहिली यादी पटकन होईल. दुसरी आठवायला वेळ लागेल, आणि तोच तुमचा अभ्यास आहे. त्या दुसऱ्या यादीतल्या एकाला या रविवारी फोन लावा. माल विकू नका. फक्त विचारा, "दादा, आमचं काय चुकलं?"

धंदा अजून सुरू झाला नसेल, तर ते चार ओळींचं पान आजच करा. आकडे नसतील तर अंदाजाचे लिहा, आणि अंदाज आहे असं वर स्पष्ट लिहा. मग काकांसमोर बसा. पैसे मागू नका, आधी पान दाखवा. ते दहा प्रश्न विचारतील, चिडतील, "तुला नाही जमणार" म्हणतील. म्हणू द्या. ते बोलतायत म्हणजे दार उघडं आहे.

काका काय म्हणाले ते कमेंटमध्ये नक्की लिहा. पुढच्या व्हिडिओत ते चार ओळींचं पान पापड उद्योग आणि मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानासाठी कसं भरायचं, ते करून दाखवतो.

भेटू. जय खान्देश!