सूप, चाळणी आणि अधिशोषक

द्राक्षाच्या घडात पाणी, साखर, आम्ले, रंगद्रव्ये आणि सालीवरील मेण यांची दाटी असते. या दाटीत कीटकनाशकाचा अवशेष शोधावयाचा, तर तो किती अल्प असतो हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ज्या कीटकनाशकांसाठी स्वतंत्र मर्यादा ठरविलेली नाही, त्यांना युरोपीय संघात किलोग्रॅममागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे. म्हणजे १०० टन द्राक्षांत एक ग्रॅम. नाशिक-सांगलीकडील बागायतदाराचा माल आणि तो खाणाऱ्याचे आरोग्य, दोन्ही या आकड्याशी निगडित आहेत. परंतु मूळ रसाच्या दाटीत संवेदनक्षम यंत्रही चकते. म्हणून मापनापूर्वी निवड करावी लागते, आणि ती अधिशोषक द्रव्ये करतात.

शोषण आणि अधिशोषण यांत भेद आहे. अमोनिया वायू पाण्यात सर्वत्र विरतो, ते शोषण होय. रंगद्रव्य कोळशाच्या केवळ पृष्ठभागाला धरून राहते, ते अधिशोषण. ‘अधि’ या उपसर्गातील ‘वर’ हा अर्थ येथे नेमका उतरला आहे. जर्मन भाषेत हा भेद दर्शविणारी संज्ञा कायझर या शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये रूढ केली. सच्छिद्र सिलिकाच्या एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असतो; चिमूटभर भुकटी पुरते, ती यामुळेच.

या गुणाचा पद्धतशीर उपयोग रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी केला. वॉर्सा येथे १९०३ मध्ये त्यांनी आपली पद्धती मांडली. खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क झिरपू दिला असता हिरवे व पिवळे पट्टे वेगळे झाले. त्यांच्या आडनावाचा रशियन अर्थ ‘रंग’ असा आहे, हा सुखद योगायोग होय.

आजच्या प्रयोगशाळेत अधिशोषक दोन रीतींनी योजतात. सुपात दाणे राहतात व फोल उडून जाते. चाळणीत कोंडा राहतो व पीठ खाली पडते. पहिली रीत पाण्याच्या परीक्षणात दिसते. अठरा कार्बनांच्या साखळ्या जोडलेल्या सिलिकावरून पाणी वाहू दिले की स्निग्धप्रिय कीटकनाशके तेथेच अडकतात. मग थोड्या मिथेनॉलने ती उतरवून घेतात. फळांसाठी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धती दुसऱ्या प्रकारची आहे. साधारण १० ग्रॅम लगदा तेवढ्याच मिलिलिटर ॲसिटोनायट्राइलमध्ये क्षारांसह घुसळतात. वर आलेल्या द्रावात अमाइन गट जोडलेल्या सिलिकाची भुकटी मिसळली की ती आम्ले व काही साखरा धरून ठेवते, आणि कीटकनाशके द्रावात राहतात.

येथेच धोका आहे. पालेभाज्यांचा हिरवा रंग घालविण्यास ग्रॅफाइटी कार्बन उत्तम. परंतु तो सपाट रचनेचे रेणूही पकडतो, आणि थायाबेंडाझोलसारखे बुरशीनाशक रंगाबरोबर नाहीसे होऊ शकते. द्राव स्वच्छ दिसतो, अहवाल निर्दोष येतो, आणि विष पोटात जाते. म्हणून निर्मळ नमुन्यात ज्ञात मात्रा मिसळून ती किती परत मिळते हे पाहतात. ही परतप्राप्ती सामान्यतः ७० ते १२० टक्क्यांत असावी लागते.

अधिक नेमक्या निवडीसाठी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये एक निराळा मार्ग दाखविला. इष्ट रेणूभोवती बहुवारिक घडवावयाचे, मग तो रेणू धुऊन काढावयाचा. मागे त्याच्याच आकाराची पोकळी उरते. मात्र साच्याचे काही रेणू आत राहिले तर ते पुढे झिरपतात, आणि नमुन्यात नसलेले द्रव्य असल्याचा भास होतो. यास्तव साच्यासाठी पुष्कळदा इष्ट रेणूऐवजी त्याचा जवळचा सदृश रेणू वापरतात.

एक अधिशोषक विष लपवू शकतो, दुसरा नसलेले दाखवू शकतो. पहिल्या चुकीची किंमत खाणारा मोजतो, दुसरीची बागायतदार. तेव्हा अवशेषाचा आकडा वाचताना तो कोणत्या सुपातून वा चाळणीतून आला, हे विचारणे अगत्याचे आहे.