काकडी, टोमॅटो आणि दावीद राजा

डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेत एक व्हिडिओ कॅसेट आली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बॉब टोमॅटो आणि लॅरी काकडी मुलांशी गप्पा मारत होते. विषय होता बायबलमधला, सिंहांच्या गुहेतला दानिएल. ‘व्हेजीटेल्स’चा हा पहिला भाग.

फिल व्हिशर आणि माइक नवरोकी यांची ही करामत. हातपाय असलेली पात्रं त्या वेळच्या संगणकाला झेपत नव्हती, म्हणून व्हिशरने आधी चॉकलेट नायक केलं होतं. पोरांनी गोडाच्या प्रेमात पडलेलं आयांना कसं रुचेल, असं बायको म्हणाली आणि चॉकलेटच्या जागी काकडी आली.

पुढे यरीहोच्या तटावरून वाटाणे सरबतं फेकू लागले, तर शद्रख, मेशख आणि अबेद्नगो चॉकलेटच्या सशांच्या कारखान्यात कामाला लागले. खरी कसोटी लागली ती दावीद आणि बथशेबाच्या गोष्टीत. परस्त्रीचा मोह आणि तिच्या नवऱ्याचा घात चार वर्षांच्या पोराला सांगायचा कसा? २००० सालच्या भागात बथशेबाच्या जागी न्हाणीतलं रबरी बदक आलं. राजे जॉर्ज, म्हणजे आपला लॅरी, यांच्याकडे कपाटभर बदकं. तरी नजर गरीब थॉमसच्या एकुलत्या एक बदकावर. थॉमसची रवानगी ‘पाय’ नावाची पेस्ट्री फेकून लढल्या जाणाऱ्या युद्धावर होते. मूळ गोष्टीत दावीदाची कानउघाडणी करणाऱ्या नाथान संदेष्ट्याचं काम करणारा म्हातारा येतो आणि राजाला गरिबाचं एकुलतं कोकरू हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो, तीही फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून. चर्चच्या संडे स्कूलमध्ये अशाच फळ्यांसमोर वाढलेल्या आईबापांना तिथे हसू आवरलं नसणार. व्यभिचार गळला, हाव राहिली. या वयाला एवढं पुरे, असं म्हणता येतं.

एक पथ्य मात्र कडक होतं: येशूला भाजी करायचं नाही. २००४ च्या ईस्टरच्या भागात त्याची गोष्ट चर्चच्या रंगीत काचांमधून सांगितली आहे.

तोवर ही मालिका बनवणारी कंपनी व्हिशरच्या हातून गेली होती. ‘व्हेजीटेल्स’चा ‘योना’ चित्रपट २००२ मध्ये आला. फुगलेला खर्च आणि एक खटला यांमुळे २००३ मध्ये दिवाळं निघालं. २००६ मध्ये भाज्या एनबीसी वाहिनीवर गेल्या, तेव्हा देवाचे काही उल्लेखही कापले गेले. गंमत अशी, की तरीही गोष्टी उभ्या राहत होत्या. क्षमा करा, वाटून खा, खोटं बोलू नका, हे सांगायला देव लागतोच असं नाही.

हीच बोच व्हिशरने २०११ मध्ये एका मुलाखतीत बोलून दाखवली: आपण मुलांना ख्रिस्ती माणसासारखं वागायला शिकवत राहिलो, ख्रिस्ती विश्वास शिकवलाच नाही. घरोघरी कौतुक झालेल्या माणसाने स्वतःच्या कामाचा एवढा रोखठोक हिशेब मांडणं दुर्मीळच.

त्याआधीच, २०१० मध्ये, त्याने दुसरी मालिका सुरू केली होती. तिच्यात भाज्या नव्हत्या, बाहुल्या होत्या. आणि सुट्ट्या नायकांऐवजी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सबंध बायबल होतं, तेरा डीव्हीडींत.