बावन्न पानांची मुलूखगिरी

पत्त्यांचा जुना कॅट हातात आला की जमवणारा माणूस आधी पान उलटं करून पाठ बघतो. राजा, राणी, गुलाम सगळीकडे जवळपास सारखेच. हॉटेल कुठलं, आगगाडी कुणाची, हे पाठीवरच्या चित्रावरून कळतं. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाठीवर थांबल्या नाहीत. त्यांनी पानांची पुढची बाजूही घेतली. बावन्न पानांवर बावन्न छायाचित्रं. बदाम सत्ती की किल्वर नव्वी हे कळण्यापुरती कोपऱ्यात खूण, बाकी सगळी जागा दऱ्या, पूल आणि धबधब्यांना.

अलास्कातल्या स्कॅगवेहून कॅनडातल्या व्हाइटहॉर्सला जाणारी ‘व्हाइट पास अँड युकॉन रूट’ १९०० मध्ये पूर्ण झाली, तेव्हा क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावलेली गर्दी ओसरलेली होती. या रेल्वेचे सचित्र पत्ते बघताना मला वाटतं, सोनं शोधणारे पांगल्यावर आता देखावे बघणारे यावेत यासाठीच हा खटाटोप असावा.

फ्रेड हार्वी कंपनीने याच कल्पनेला खरं वैभव दिलं. सांता फे रेल्वेच्या वाटेवरची भोजनगृहं आणि हॉटेलं ही कंपनी चालवायची. ग्रँड कॅन्यनच्या अगदी काठावरचं एल तोवार १९०५ मध्ये उघडलं. पुढे १९११ च्या सुमारास ‘द ग्रेट साउथवेस्ट’ हा कॅट निघाला. शिकागोहून कॅलिफोर्निया गाठायला तेव्हा आगगाडीत दोन-तीन दिवस जायचे. पत्त्यांचा डाव मांडायला वेळच वेळ होता, आणि जो मुलूख पुढे खिडकीतून दिसायचा होता तो आधी हातातल्या पानांवर येऊन बसायचा. उतारी करता करता माणूस मुक्कामाचा विचार करू लागे. यापेक्षा सुंदर जाहिरात मला तरी ठाऊक नाही.

या कॅटांचा काळ ठरवायला सरकारी करही मदतीला येतो. अमेरिकेत १८९४ पासून प्रत्येक कॅटावर कर होता. सुरुवातीला दोन सेंट, वाढत वाढत तेरा सेंट, आणि १९६५ मध्ये तो रद्द झाला. कराचं तिकीट वेष्टनावर चिकटवलेलं असे. ते शाबूत असेल तर कॅट कधीचा याचा अंदाज बांधता येतो. म्हणूनच सील न फोडलेल्या कॅटाला इतकी किंमत.

१९२५ मध्ये हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर काँट्रॅक्ट ब्रिजचे नियम बसवले आणि त्या खेळाचं वेड पसरलं. ब्रिजची पानं अडीच इंचांऐवजी सव्वादोन इंच रुंद, आणि एका डबीत दोन कॅट. पुढच्या बाजूची छायाचित्रं मागे पडली, पाठीवरच्या एका रंगीत चित्रावर सगळी मदार आली.

त्यातली सर्वांत देखणी पाठ ग्रेट नॉर्दर्न रेल्वेची. या रेल्वेने ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात मेनी ग्लेशियरसारखी मोठी हॉटेलं उभारली होती. जर्मनीत जन्मलेले चित्रकार विनोल्ड रीस यांच्याकडून तिने तिथल्या मूळनिवासी ब्लॅकफीट लोकांची व्यक्तिचित्रं करून घेतली. १९२८ पासून ती कॅलेंडरांवर आली आणि पत्त्यांवरही. डोळे, सुरकुत्या, पिसांचा शिरपेच, सगळं इतक्या आदराने रंगवलेलं की पानं पिसायला हात धजत नाही. पण याच उद्यानाचा पूर्व भाग ब्लॅकफीटांच्या हातून १८९५ च्या करारात गेला होता. जमीन गेली आणि तिथल्या माणसांचे चेहरे प्रवाशांना बोलावण्याच्या कामी आले. ही चित्रं मला मनापासून आवडतात, आणि ही गोष्ट सांगितल्याशिवाय ती कुणाला दाखवू नयेत असंही वाटतं.

लास व्हेगासमध्ये चित्र आणखी आटलं. तिथे पाठीवर हॉटेलचं नाव किंवा चिन्ह असलं की झालं. जुगाराच्या टेबलावर वापरलेली पानं परत खेळात शिरू नयेत म्हणून कॅटाला आरपार भोक पाडायचे किंवा कोपरे कापायचे, मग तो भेटवस्तूंच्या दुकानात जायचा. एरवी भोक म्हणजे खोट, इथे ती टेबलावर खेळल्याची खूण. तिथलं सँड्स हॉटेल १९५२ मध्ये उघडलं, १९९६ मध्ये पाडलं. ड्यून्स १९५५ चं, ते १९९३ मध्ये सुरुंग लावून पाडलं. त्यांचे कॅट अजून मिळतात.

विमान कंपन्याही प्रवाशांना पत्ते देऊ लागल्या. आपल्या ओळखीचा कॅट एअर इंडियाचा. बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांचा १९४६ चा महाराजा त्यावर आला. १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ विमानं लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. दिवसांचा प्रवास तासांवर आला होता आणि एवढ्या वेळात बावन्न देखावे बघणार कोण? प्रवास जसजसा आखूड झाला तसतशी पानांवरची गावं कमी होत गेली; हे सगळे कॅट शेजारी मांडले की ते स्वच्छ दिसतं.

असा कॅट घेताना पानं मोजून घ्यावीत, जोकर आहे का पाहावं, आणि डबी कितीही फाटकी असली तरी टाकू नये. हॉटेलचा पूर्ण पत्ता पुष्कळदा तिच्यावरच छापलेला असतो.